बुटीबोरीत सर्व्हे: छापील प्रश्नावली की मोबाइलवर लिंक?

नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या आयटी कंपनीत कर्मचाऱ्यांचा सर्व्हे असेल तर लिंकच पाठवा. माणसं दिवसभर स्क्रीनसमोर असतात आणि डेटा एंट्रीचा खर्चही वाचतो.

बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या कामगारांसाठी मात्र मी छापील प्रश्नावलीच निवडेन. कित्येक कारखान्यांत मोबाइल आत नेता येत नाही; थकून घरी गेल्यावर लिंक कोण उघडतो? शिवाय तीच लिंक एचआरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली की 'साहेबाला कळेल' ही धास्ती बसते आणि सगळे पाचपैकी चारवर टिक करून मोकळे होतात. कागदावर नाव नको, नंबर नको. भरलेला फॉर्म कामगाराने स्वतःच्या हाताने बंद पेटीत टाकावा आणि ती पेटी सुपरवायझरच्या टेबलाशी नव्हे, कॅन्टीनमध्ये असावी. याने फार फरक पडतो.

कागदाची अडचणही खरी आहे. सहा महिन्यांनी त्याच लोकांना पुन्हा विचारायचं असेल तर निनावी फॉर्म जुळवायचे कसे? दोन्ही वेळी फॉर्मवर लिहायचा एकच कोड त्यांनाच बनवू द्या: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि तिच्या माहेरच्या गावाचं पहिलं अक्षर.

शिफ्ट सुटताना फॉर्म वाटू नका, सगळ्यांना बस गाठायची असते. परवानगी घेतानाच जेवणाच्या सुट्टीला जोडून वीस मिनिटं मागून घ्या.