चिंगीची मळमळ आणि कोथरूडचं आमचं पेट क्लिनिक

कधीपासून लिहायचं होतं, आज चिंगी परत जेवणाच्या वेळी भांडं ढकलत माझ्यामागे फिरायला लागलीये म्हणून लिहितेच.

आमची चिंगी इंडी, म्हणजे देशी कुत्री आहे, ४ वर्षांची, १८ किलो. मे महिन्यात एक दिवस सकाळी जेवणाकडे बघेचना. उलटी नाही काही नाही, नुसती सारखे ओठ चाटतेय, आवंढे गिळतेय, लाळ गळतेय आणि खाली नेलं तर अधाशासारखी गवत खातेय. मला वाटलं उन्हाचा त्रास असेल. दुपारी दोनदा पिवळं पाणी ओकली तेव्हा जवळच्याच एका दुसऱ्या दवाखान्यात नेलं, तिथे पोटाला हातसुद्धा न लावता उलटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री ८ ला परत कोरड्या उबळी सुरू, मग मात्र घाबरून रिक्षा केली आणि कोथरूडच्या या क्लिनिकमध्ये आलो.

इथल्या डॉक्टर मॅडम चक्क फरशीवर बसल्या तिच्या शेजारी. हिरडी बोटाने दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ताप बघितला, मग पोट चाचपताना चिंगी एका जागी कण्हली. त्यांनी वर बघून विचारलं, घरी आंबे चालू आहेत का? मी आईला फोन लावला. बिचारीने ओल्या कचऱ्याची बादली पेपरवर उपडी केली आणि मोजलं, आंबे चार कापले होते, कोयी तीनच!

कोय एक्सरेत नीट दिसेलच असं नाही म्हणून सोनोग्राफी केली, आणि होती, पोटातच. काही अडकलेलं असताना नुसतं उलटीचं औषध दिलं की वरवर बरं वाटतं पण आतला त्रास वाढत राहतो, हे मॅडमनी शांतपणे समजावलं. रात्रभर सलाईन, सकाळी ऑपरेशन. खर्चाचा अंदाज आधीच कागदावर लिहून दिला, बिल २८ हजार झालं, त्या अंदाजाच्या आतच. रक्कम मोठी आहे पण मला एक रुपयाही जास्त वाटला नाही.

डिस्चार्जच्या वेळी विचारलं की परत कधी साधी मळमळ झाली तर काय करू. मोठा कुत्रा असेल आणि एरवी फ्रेश असेल तर ६-८ तास जेवण बंद, पाणी थोडं थोडं, मग मऊ भात आणि उकडलेलं बिनहाडाचं चिकन, मीठ-हळद-कांदा-लसूण काही नाही, तेही दोन-तीन घासच. पिल्लांना मात्र उपाशी ठेवायचं नाही, आणि लसी पूर्ण झाल्या नसतील तर पार्वो या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची भीती असते म्हणून थेट घेऊन या. आपल्या माणसांच्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत. आणि पोट ढोलासारखं फुगलंय, उबळी येतायत पण बाहेर काहीच पडत नाहीये, असं दिसलं तर रात्रीचे २ वाजले असले तरी निघायचं, तिथे तासाभराचाही उशीर जिवावर बेततो.

बसायची जागा फार कमी आहे, मांजरं आणि कुत्री एकत्रच, त्यामुळे मांजरवाल्यांनी टोपलीवर ओढणी टाकून न्या. गाडी लावायला जागा नाहीच. रविवारी संध्याकाळी बंद असतं, फोन करूनच जा.