थेट कार्यक्रम की नुसतं रेकॉर्डिंग?

सोलापुरातला आमचा कॉलेजचा ऑर्केस्ट्रा मोडून बारा वर्षं झाली. आता पुन्हा जमायचंय. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात थेट गायचं, की घरबसल्या गाणी रेकॉर्ड करायची?

रेकॉर्डिंगच्या बाजूने ॲबा या पॉप गटाचा दाखला देतात. स्वीडनच्या या चौघांनी १९७४ला युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली. पुढे दोन्ही जोडप्यांचे घटस्फोट झाले, तरी ते काही काळ एकत्र गात राहिले, १९८२नंतर थांबले. २०२१ला नवा अल्बम आला, पण लंडनच्या मंचावर २०२२पासून गातात त्या त्यांच्या डिजिटल प्रतिमा. सूर बिनचूक, दगदग नाही.

टेक दॅट या गटाचं तसं नाही. मँचेस्टरच्या या पाच जणांतून रॉबी विल्यम्स १९९५ला बाहेर पडला, १९९६ला गटच फुटला. २००५ला चौघे परतले आणि २०१०ला रॉबीही. पंधरा वर्षं दूर राहिलेला माणूस पुन्हा शेजारी उभा राहून गायला! हे मला फार मोठं वाटतं.

आमचा कीबोर्डवालाही भांडूनच पुण्याला गेला. फाइल तो तिथूनही पाठवेल, पण मला तो इथे हवाय. गड्ड्याच्या यात्रेला येच म्हणून मी त्याला कालच फोन केला.