छोटा ट्रॅक्टर मागून बघून घ्या: २४ एचपी आणि त्याची अवजारं

शोरूममध्ये आधी बॉनेट उघडून दाखवतात. छोटा ट्रॅक्टर घेणाऱ्याने मात्र मागच्या बाजूला जाऊन उकिडवं बसावं आणि अवजार धरणाऱ्या खालच्या दोन लिंका, वरची टॉप लिंक आणि पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा नीट बघावा. नागपूर जिल्ह्यात २४ एचपीचा फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला जातो तो काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरकडच्या संत्र्याच्या ओळींत शिरायला आणि पऱ्हाटी (कपाशी)-तुरीच्या काळ्या रानात मशागतीला. महिंद्राचा जिवो २४५ आणि कुबोटाचा निओस्टार बी २४४१ ही या गटातली नेहमीची नावं. दोघांचीही उचलक्षमता कागदावर ७५० किलो. इंजिनाच्या बाबतीत या गटाला नावं ठेवायला फारशी जागा नाही. गाडं अडतं ते चुकीचं अवजार, चुकीची पिन आणि पीटीओ ते अवजार जोडणारा चुकीच्या लांबीचा शाफ्ट इथे.

आधी त्या ७५० किलोंचं बघू. हा आकडा लिंकच्या टोकाच्या बॉलपाशी धरलेला असतो. अवजाराचं वजन बॉलवर नसतं, हात-दीड हात मागे असतं, आणि ते जितकं मागे जाईल तितकी उचल कमी भरते. म्हणूनच तपासणीत बॉलच्या ६१० मिलिमीटर मागेही वेगळं माप घेतात. डीलरकडे टेस्ट रिपोर्ट मागा आणि त्यातला तो दुसरा आकडा बघा. माहितीपत्रकावर तो सहसा छापत नाहीत.

मग पिना. छोट्या ट्रॅक्टरची जोडणी कॅटेगरी १ ची: खालच्या पिना २२ मिमी, टॉप लिंकची १९ मिमी. ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरची बहुतेक अवजारं कॅटेगरी २ ची, म्हणजे २८ आणि २५. अवजारावरच्या खालच्या दोन पिनांच्या खांद्यांमधलं अंतर कॅटेगरी १ मध्ये ६८३ मिमी असतं. अगदी अरुंद ट्रॅक्टरांसाठी १-एन असा आणखी एक प्रकार आहे, त्यात ते ४०० मिमी. अवजाराचा सौदा करायला जाताना खिशात टेप आणि व्हर्निअर ठेवा, कारण ‘सगळ्यांना बसते’ हे दुकानातलं वाक्य २२ आणि २८ मधल्या सहा मिलिमीटरांवर आपटतं. २८ च्या बॉलमध्ये २२ ची पिन घालायची तर बुश लागतोच. बुशाशिवाय चालवलं की अवजार खडखडतं, पिन खाल्ली जाते आणि बॉलचं भोक लांबोळकं होतं. उलट बाजूने, शेजाऱ्याची नऊ फणी पंजी (कल्टिव्हेटर) आणून तिच्या पिना लेथवर घासून २२ च्या करणं हा नसता उद्योग आहे. पिन बसेल, पण २४ एचपीने नऊ फण काळ्या रानात ओढले जाणार नाहीत.

जोडायचा क्रम ठरलेला आहे. सपाट जागा निवडा, ट्रॅक्टर सरळ रेषेत मागे घ्या, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, मग खाली उतरा. मागे घेताना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये ‘थोडं अजून, थोडं अजून’ म्हणत हात हलवणारा माणूस नको. आधी डावी खालची लिंक, कारण तिची लांबी पक्की असते. नंतर उजवी, कारण तिच्या लिफ्ट रॉडला (लिंक उचलणाऱ्या दांड्याला) फिरवायचं हँडल असतं आणि बोट-दोन बोटांचा फरक तिथे भरून निघतो. शेवटी टॉप लिंक. पिन भोकासमोर येत नसेल तर अवजाराला पाठ लावू नका. अडीचशे किलोचा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांचं अवजार) सब्बलीने हलतो, कमरेने हलत नाही. प्रत्येक पिनेत लिंच पिन, म्हणजे ती निसटू न देणारी छोटी कडीची पिन, हवी. तिच्या जागी खिळा किंवा तार वळवून घातलेली दिसली की समजा, धुऱ्यावरून (बांधावरून) उतरताना एक बाजू कधीतरी सुटणार.

टॉप लिंकची लांबी हा छोट्या ट्रॅक्टरवर सगळ्यात दुर्लक्षित भाग. ती आखूड केली की अवजाराचं पुढचं तोंड खाली झुकतं आणि फण जास्त घुसतात. लांब केली की पुढचं तोंड वर येतं, मागचा भाग टेकतो, फण नुसते ओरखडतात. रोटाव्हेटरला मात्र निकष वेगळा: काम करताना त्याच्या गिअरबॉक्सचा दांडा आणि पीटीओचा दांडा जवळजवळ समांतर राहायला हवेत. डावी-उजवीकडची पातळी उजव्या हँडलने जुळवा, आणि ती शेडमध्ये नाही, रानात पहिल्या फेऱ्यात.

आता शाफ्ट, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा. पीटीओचा दांडा ३५ मिमीचा, सहा खाचांचा, हे बहुतेक सगळीकडे सारखं. अंतर मात्र सारखं नसतं. छोट्या ट्रॅक्टरची लिंक आखूड, त्यामुळे पीटीओ ते गिअरबॉक्स जागा कमी, आणि अवजारासोबत आलेला शाफ्ट बहुतेक वेळा लांब निघतो. बसवताना तो कसाबसा बसतो. अवजार वर-खाली होताना एका ठिकाणी दोन टोकं सर्वांत जवळ येतात, तिथे आतली नळी बुडाला टेकते आणि सगळा दाब पीटीओच्या बेअरिंगवर जातो. पहिली खूण म्हणजे पीटीओच्या सीलपाशी तेलाचे थेंब. पुढे बेअरिंगचा घरघराट, आणि मग ट्रान्समिशन मागून उघडावं लागतं.

माप असं घ्या. अवजार तिन्ही ठिकाणी जोडा. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक पीटीओवर, दुसरा गिअरबॉक्सवर चढवा आणि शेजारी-शेजारी धरा. दोन्ही दांडे एका पातळीत येतील त्या उंचीवर अवजार ठेवा, इंजिन बंद करा, खाली लाकडी ओंडके लावा, मगच हात घाला. या सर्वांत जवळच्या स्थितीत नळी टेकायला किमान २५ मिमी शिल्लक हवेत. सर्वांत लांबच्या स्थितीत दोन नळ्या किमान १५० मिमी एकमेकींत राहिल्या पाहिजेत. जास्तीचं कापायचं तर आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही प्लास्टिक कव्हरं, चारही सारख्याच मापाने. कापल्यावर कडा कानशीने मारा, बुरादा पुसा, ग्रीस लावा. हे न करता तसंच जोडलं तर लोखंडाचा कीस नळीत घासत राहतो आणि शाफ्ट भर कामात अडकतो.

जोडताना शाफ्टवरचे आतले दोन्ही यॉक (सांध्याचे दुबेळके) एका रेषेत आहेत ना, बघा. एक खाच जरी चुकली तरी रोटाव्हेटर धडधडतो आणि क्रॉस (यॉकमधले अधिकच्या चिन्हासारखे सांधे) एका हंगामात संपतात. क्रॉसला दर आठ तासांनी ग्रीस. शिअर बोल्ट (जादा ताण आला की आधी तुटावा म्हणून बसवलेला) तुटला तर त्याच मापाचा, त्याच ग्रेडचा घाला: डोक्यावर ८.८ असेल तर ८.८. १०.९ चा ‘पक्का’ बोल्ट घातला की तुटायचं ते बोल्टाऐवजी गिअरबॉक्समध्ये तुटतं. आणि शाफ्टवरचं कव्हर काढून फेकू नका. ५४० फेरे मिनिटाला, म्हणजे सेकंदाला नऊ. मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधूनच काम चालतं. त्या दुपट्ट्याचं सुटलेलं टोक शाफ्टवर पडलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

अवजारांमध्ये पहिला नंबर रोटाव्हेटरचा, आणि या ट्रॅक्टरवर तो मनापासून पसंत पडतो, फक्त चार फुटीच घ्या. पीटीओवर साधारण २० एचपी मिळते आणि काळ्या जमिनीत फुटाला पाच धरली तर हिशेब चार फुटांवर संपतो. पाच फुटी घेणारे ‘एक फेरा वाचतो’ म्हणतात. मग लोड घेताना इंजिनाचे फेरे उतरतात, पाती माती कापण्याऐवजी थापटतात, आणि वाचलेला फेरा डिझेलमध्ये जातो. खालच्या लिंकांच्या बाजूच्या साखळ्या, म्हणजे चेक चेन, घट्ट ठेवा, अवजार डावी-उजवीकडे झुलायला नको. हायड्रॉलिकची लिव्हर पोझिशन कंट्रोलवर (अवजाराची उंची कायम राहते), वेग ताशी दोन-तीन किलोमीटर, इंजिन टॅकोमीटरवरच्या ५४० च्या खुणेपाशी. पहिल्या तीन-चार तासांनंतर पात्यांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या अवजाराचे ते सैल होतातच. वर उचलून वळताना पीटीओ बंद करा. कोन वाढलेला असताना फिरता शाफ्ट क्रॉस खातो.

संत्र्यात खोली आठ-दहा सेंटीमीटरच्या वर नेऊ नका. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात. खोल रोटाव्हेटरने ती तुटतात आणि जखमेतून फायटोफ्थोरा बुरशी शिरते, म्हणजे डिंक्या आणि मूळकूज आपण स्वतः पेरल्यासारखं. खोडाजवळचा भाग यंत्राला देऊच नका. जुन्या ६ बाय ६ मीटरच्या बागेत मोठ्या झाडांचा घेर सोडला की मध्ये दोन-अडीच मीटर उरतात. हा ट्रॅक्टर तिथे फांद्या न मोडता वळतो. ४५ एचपीवाल्याला ते जमत नाही, आणि छोट्या ट्रॅक्टरचा खरा फायदा हाच.

काळ्या रानात रोटाव्हेटरची वेळ वाफशाने ठरते. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला तर चला. चपटा होऊन चिकटला तर दोन दिवस थांबा. ओल्यात चालवलं की पात्यांवर मातीचे लोळ चढतात आणि खाली गुळगुळीत थर बसतो, पाणी त्यावरच तुंबतं.

पंजी पाच फणी घ्या. लिव्हर ड्राफ्ट कंट्रोलवर (ओढ वाढली की अवजार आपोआप थोडं वर येतं), चेक चेनला पाचेक सेंटीमीटर सैल. चाक किती घसरतं ते डोळ्यांनी ठरवू नका: मागच्या टायरवर खडूची खूण करा, अवजार वर ठेवून दहा फेऱ्यांचं अंतर मोजा, मग फण जमिनीत घालून पुन्हा मोजा. ३० मीटरचे २६ झाले तर १३ टक्के, चालेल. २३-२४ वर आले तर खोली कमी करा, फण कमी करा किंवा टायरला वजन द्या. चार फुटी ओळींच्या पऱ्हाटीत तीन फण लावून डवरणी (कोळपणी) सुरेख होते, पण फांद्या पसरेपर्यंतच. नंतर बोंडं गळतात.

नांगराबद्दल थोडक्यात: एकफाळी चालतो, दोनफाळी पलटी नांगर नको. उन्हाळ्यात तडकलेल्या जमिनीची खोल नांगरणी मोठ्या ट्रॅक्टरला भाड्याने द्या, स्वस्त पडतं.

फवारणी यंत्राला अर्धेच गुण. लिंकवर बसणारी ४०० लिटरची टाकी दिसते छान, पण पाणी ४०० किलो, पंप-पंखा-फ्रेम आणखी दोनशे-अडीचशे, आणि सगळं बॉलच्या मागे. ७५० ची उचल तिथेच संपते. त्याहून मोठी अडचण पुढची चाकं हलकी होण्याची. स्टिअरिंग हाताशी राहायला ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा भाग पुढच्या एक्सलवर हवा. पुढे वजनाच्या प्लेटा न लावता भरलेली टाकी घेऊन धुरा चढू नका. २०० लिटरची टाकी लिंकवर, त्याहून मोठी हवी तर चाकांवरची, ओढायची, असं आमचं मत. आणि वाळलेलं झाड उपटायला साखळी टॉप लिंकच्या जागी कधीही अडकवू नका. ओढ उंचावरून लागली की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागे, चालवणाऱ्यावर, उलटतो. साखळी खालच्या हुकलाच.

घेण्याआधी हायड्रॉलिकची एक चाचणी करून बघा, जुन्या ट्रॅक्टरची तर नक्कीच. अवजार वर उचला, इंजिन बंद करा, जमिनीपासूनचं अंतर मोजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. बोटभर उतरलं तर ठीक. वीतभर उतरलं तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, आणि या ट्रॅक्टरांत तेच तेल गिअरलाही लागतं.

पैशाचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती-अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचं कोटेशन पुढे केलं तर नवीन मागा. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल फाडू नका, आधी घेतलेल्या अवजाराला अनुदान मिळत नाही. सुट्या भागांचा प्रश्न नागपुरात तसा सोपा आहे, महिंद्राचा ट्रॅक्टर कारखानाच हिंगणा एमआयडीसीत आहे. पण स्थानिक बनावटीचा रोटाव्हेटर घेताना पाती, क्रॉस आणि बाजूच्या चेनचा नंबर बिलावर लिहून घ्या.

सोडताना क्रम उलटा. अवजार सपाट जागी विटांवर टेकवा, इंजिन बंद करा, आधी शाफ्ट काढा, मग टॉप लिंक, उजवी, शेवटी डावी. टॉप लिंकची पिन निघत नसेल तर हातोडा घेऊ नका, तिच्यावर अजून ताण आहे. टॉप लिंकचा मधला भाग अर्धा फेरा फिरवा, पिन दोन बोटांनी निघते.