घरच्या घरी हौसेच्या प्रोग्रॅमिंगला कुठलं लायसन्स घ्यावं? डेल्फी कम्युनिटी, लाझारस आणि बाकीचे

परवा भाच्याचा फोन आला, मामा मला घरी बसून प्रोग्रॅम लिहायचेत, नोकरीबिकरीसाठी नाही, असंच, तर कुठलं टूल घेऊ, पैसे भरू का फुकटचं चालंल. पाऊण तास बोललो त्याच्याशी, तेच जरा नीट लिहून काढतोय, कारण हा घोळ मी स्वतः घातलेला आहे.

आधीच सांगतो, पायथन भाषेत लिहिणाऱ्यांचा इथं प्रश्नच नाही, ते फुकट आहे आणि फुकटच राहणार. भाच्याला पाहिजे विंडोजचा साधा प्रोग्रॅम, बटणं, खिडक्या, एक्झीवर (तयार प्रोग्रॅमच्या फाइलवर) डबल क्लिक केलं की उघडला पाहिजे. मलाही तेच आवडतं. मी दिवसा कारकुनी करतो, रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडतो, कधी आठवड्यातून दोनदा आणि कधी दोन-दोन महिने हातच लागत नाही. हे दोन महिन्यांचं लक्षात ठेवा, पुढं त्याच्यावरच गाडी अडते.

सी शार्प भाषेत करणार असाल तर व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी हे टूल आहेच, २०१४ पासून फुकट, आणि एकटा माणूस त्यात केलेला प्रोग्रॅम विकूही शकतो. साइन-इन मागतं, तेवढं चालवून घ्यायचं. जेटब्रेन्स कंपनीचं रायडर हे तसलंच टूल ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती वापराला फुकट केलंय आणि वापरायला ते मला जास्त सुटसुटीत वाटलं, पण दोन अटी आहेत. एक म्हणजे वापराची निनावी माहिती त्यांच्याकडं जाते ती बंद करता येत नाही, दुसरी म्हणजे त्यातून पैसे कमवायचे नाहीत. आता दाजींचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे, त्यांना मी डझनाचा हिशोब करायचा छोटा प्रोग्रॅम करून दिला आणि दिवाळीला त्यांनी पाकीट दिलं. ती हौस झाली का धंदा झाला? वकिलाला विचारायची गोष्ट आहे ही, आणि पाकिटात होते हजार रुपये. आपल्याकडं हौशी माणसाचं असंच असतं की ओ, कोण ना कोण काहीतरी करून मागतंच.

पैसे भरून घ्यायचं म्हणाल तर डॉलरच्या आकड्यावर जाऊ नका, वर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचा फॉरेन करन्सी मार्कअप (परदेशी चलनावरचा जादा आकार) धरा. त्यातही एकदाच घ्यायचं लायसन्स वेगळं आणि वर्षाचं सबस्क्रिप्शन वेगळं. सब्लाइम टेक्स्ट हे कोड लिहायचं एडिटर ९९ डॉलरला मिळतं, ३ वर्षं अपडेट येतात, नंतर जे हातात आहे ते तुमचंच. जेटब्रेन्सच्या पेड सबस्क्रिप्शनमध्येही सलग १२ महिने भरले की ते १२ महिने सुरू होताना जे व्हर्जन होतं ते कायम वापरता येतं. हे चांगलं आहे, सगळे असं करत नाहीत.

न करणाऱ्यांपैकी एकाचं मी घेतलं होतं. नाव घेत नाही, टूल म्हणून वाईट नव्हतं. त्यात मी आईसाठी पाण्याचा प्रोग्रॅम केला होता. सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिते, ‘पाणी ५.४०, जोर कमी’. त्या नोंदी घालून पुढची पाळी कधी ते प्रोग्रॅम सांगायचा. एका वर्षी पाळी बदलली, ४ दिवसांची ५ झाली, आणि तो ४ मी कोडमध्येच लिहून ठेवलेला (शहाण्यानं असं करू नये). म्हणलं गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, सुट्टीत बसून करू. घरातले सगळे होम मैदानावर पाळण्यात बसायला गेले, मी चहा घेऊन बसलो, टूल उघडलं तर समोर चौकट, सबस्क्रिप्शन संपलंय, रिन्यू करा. पैसे आपोआप कापले जातील असं मी धरून चाललो होतो, पण ऑक्टोबर २०२१ पासून आरबीआयच्या नियमानं आधी नोंदणी आणि ओटीपी झाल्याशिवाय कार्डातून ऑटो-डेबिट होत नाही, ते माझं राहिलं होतं. मेल आली असणार, जाहिरातींच्या ढिगात गेली. चूक माझीच, मान्य.

पण डोक्यात गेलं ते वेगळंच. नवीन व्हर्जन देऊ नका, माझं काही म्हणणं नाही. माझाच कोड, माझ्याच लॅपटॉपवर, फाइल नोटपॅडमध्ये उघडतीय, तो ४ समोर दिसतोय, ५ पण करता येतोय, फक्त कंपाइल होत नाही, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनत नाही. एका आकड्यासाठी वर्षाचे पैसे. मित्र घरी आला तर म्हणे काय करालास बे, गड्डा सोडून? काय सांगणार त्याला. आईनं तोवर कॅलेंडरवर बोटं मोजून सांगितलं, परवा पाणी, आणि आलं परवाच.

तेव्हापासून मी लायसन्समध्ये पहिल्यांदा तारीख बघतो, किंमत नंतर.

आणि तिथंच डेल्फी आणि लाझारस वेगळे पडतात, नाहीतर दोन्ही बटणं-खिडक्यांचे प्रोग्रॅम करायचीच टूलं, आणि भाषा जवळपास एकच, पास्कल. डेल्फी कम्युनिटी २०१८ पासून फुकट आहे, वर्षाला ५००० डॉलरपर्यंत कमाई झाली तरी चालते, म्हणजे दाजींच्या पाकिटाची काळजी मिटली. डीबगर (कोडमधल्या चुका शोधायचं साधन) चांगला, अँड्रॉइडचं ॲपपण त्यातूनच होतं, दिसायला एकदम तयार माल. पण लायसन्स एका वर्षाचं. नवीन फुकटच मिळतं, परत घ्यायचं एवढंच, आणि रोज वापरणाऱ्याला ते जाणवणारही नाही कदाचित. मला मात्र आता त्या तारखेचीच धास्ती बसलीय, कारण मी नेमका दोन महिन्यांनी उघडणारा माणूस.

लाझारसला तारीखच नाही. मुक्त सॉफ्टवेअर, उतरवलं की झालं, खातं नाही, साइन-इन नाही, केलेला प्रोग्रॅम विका नाहीतर वाटा, तुमचा सोर्स कोड लोकांसाठी उघडा करायची सक्ती नाही. लिनक्सवरही तोच कोड चालतो. इन्स्टॉलर मी पेनड्राइव्हवर टाकून देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, नेट नसलं तरी नव्या लॅपटॉपवर चढतो.

त्रास आहेत, नाही असं नाही. माझ्याकडं पहिल्यांदा उघडलं तर खिडक्या सगळ्या स्क्रीनभर सुट्ट्या पांगलेल्या, अँकर डॉकिंगचं पॅकेज टाकल्यावर एका जागी बसल्या. ते टाकताना लाझारस स्वतःलाच परत कंपाइल करतं, बंद होऊन पुन्हा उघडतं, मला वाटलं बिघडलं, तर तसं काही नसतं. डीबग माहितीसकट एक्झी उगाच फुगलेली निघते, ती प्रोजेक्टच्या सेटिंगमधून काढून टाका, बरीच खाली येते. मदतीची पानं जरा जुनाट वाटतात. डीबगर डेल्फीएवढा गुळगुळीत नाही, निदान माझ्या लॅपटॉपवर तरी नाही.

भाच्याला सांगितलं, मोबाइलचं ॲप करायचं पक्कं असेल तर डेल्फी घे आणि संपायच्या महिनाभर आधीचा रिमाइंडर फोनमध्ये लाव. नुसतं विंडोजचं करणार असशील तर आधी लाझारस टाकून चार दिवस बघ, नाही पटलं तर काढून टाक. तो म्हणाला बघतो, आणि मग विचारलं, मामा, तो पाण्याचा प्रोग्रॅम पाठवता का. लाझारसमध्ये परत लिहिलेला पाठवलाय, या खेपेला पाळीचा आकडा सेटिंगमध्ये ठेवलाय.