रुपर्ट थॉर्न की विल्सन फिस्क: आधी कोणाला वाचावे?

हाती सत्ता आणि पाठीशी टोळी असा खलनायक कॉमिक्समध्ये वाचायचा म्हटले, की बहुतेक जण विल्सन फिस्कचे, म्हणजे किंगपिनचे, नाव घेतात. ती शिफारस चुकीची नाही. मीही सुरुवात त्याच्यापासूनच केली. १९६७ मध्ये स्पायडरमॅनच्या ५०व्या अंकात आलेल्या या माणसाला खरी उंची दिली ती लेखक-चित्रकार फ्रँक मिलरने डेअरडेव्हिल या मालिकेत, आणि पुढे २०१७ मध्ये तो न्यूयॉर्कचा महापौरही झाला.

मला मात्र त्याच्याबाबत एक गोष्ट सतत खटकत राहिली: प्रत्येक प्रकरण अखेर हातघाईवर येते. एका सहीने माणसाला रस्त्यावर आणू शकणारा महापौर कोट उतरवून मुठी आवळतो, तेव्हा त्याच्या पदाला काही अर्थच उरत नाही. डेअरडेव्हिलच्या १९८६ च्या कथानकात मिलर आणि चित्रकार मॅझुकेली यांनी हे जवळजवळ टाळले होते. तिथे फिस्क मॅट मर्डॉकला, म्हणजे वकिली करणाऱ्या डेअरडेव्हिललाच, हात न लावता त्याचे बँक खाते गोठवतो आणि वकिलीची सनद घालवतो, आणि यामागे कोण आहे हे मर्डॉकला कळतही नाही. पुढे त्याचे घर स्फोटाने उडते, तेव्हा कुठे त्याला किंगपिनचा हात ओळखू येतो. कागदांनी लपवलेला माणूस दांडगाईने उघडा पडला, हे त्या अंकाचे मर्म आहे असे मला वाटते. पुढच्या लेखकांनी मात्र त्यातली दांडगाईच अधिक उचलली.

रुपर्ट थॉर्नमध्ये हा त्रास नाही. स्टीव्ह एंगलहार्ट आणि वॉल्टर सायमनसन यांनी १९७७ मध्ये बॅटमॅनच्या डिटेक्टिव्ह कॉमिक्स या मालिकेच्या ४६९व्या अंकात आणलेला हा गॉथमच्या, म्हणजे बॅटमॅनच्या शहराच्या, नगर परिषदेतील पुढारी स्वतः कधी मारामारीत उतरत नाही. तो माणसे पाठवतो आणि परिषदेतले आपले वजन वापरून बॅटमॅनला शहराचा शत्रू ठरवू पाहतो. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो हॅमिल्टन हिलला महापौरपदी बसवतो आणि बॅटमॅनचा मित्र असलेल्या पोलीस आयुक्त गॉर्डनच्या जागी थॉर्नचा माणूस पीटर पॉलिंग येतो. आमच्या गावात एका सचोटीच्या अधिकाऱ्याची अचानक झालेली बदली मी जवळून पाहिली आहे. त्यानंतर कचेरीत पसरलेली शांतता मला त्या पानांवर पुन्हा भेटली. फिस्कच्या कुठल्याही ठोशाने मी इतका अस्वस्थ झालो नव्हतो.

थॉर्नचीही एक उणीव सांगितली पाहिजे. बॅटमॅनचे गुपित कळलेल्या ज्या ह्यूगो स्ट्रेंज या खलनायकाला त्याने ते खरे नाव काढून घेण्यासाठी मरेपर्यंत मारवले, त्याच्या भुताला घाबरून तो शेवटी सारे गुन्हे कबूल करतो. लाचखाऊ पुढाऱ्याला कायद्याने नव्हे, भुताने खाली आणावे, हे काही वाचकांना पळवाट वाटेल. मला ते चालले, कारण मार्शल रॉजर्सच्या चित्रांत थॉर्नची भीती पानागणिक वाढत जाते. शिवाय थॉर्नला फिस्कइतके अंतरंग मिळालेले नाही. पत्नी व्हेनेसावरच्या प्रेमामुळे फिस्क माणूस म्हणून निश्चितच अधिक भरीव वाटतो.

तेव्हा खलनायकाचे मन वाचायचे असेल, तर फिस्क घ्यावा, आणि तोही डेअरडेव्हिलच्या २२७व्या अंकापासून. पण भ्रष्ट सत्ता कशी चालते हे पाहायचे असेल, तर माझ्या मते डिटेक्टिव्ह कॉमिक्सचे ४६९ ते ४७६ हे थॉर्नचे आठ अंक आधी वाचावेत आणि हिल व पॉलिंगचे प्रकरण त्यांच्या पाठोपाठ घ्यावे, कारण तिथली कित्येक पाने थॉर्नच्या जुन्या भीतीवर उभी आहेत.