पॅरा म्हणून गळ्यात मारलेला ऑक्टा: पैसे देण्याआधी सुतळी आणि टेप काढा

स्टुडिओतल्या फोटोंसाठी १५० सेंटिमीटरचा पॅराबोलिक (पॅरा, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश परतवणारी मोठी, खोल छत्री), फोकसिंग रॉड (तिच्या आत फ्लॅश पुढेमागे सरकवणारा दांडा), ६०० वॅट-सेकंदांचा (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप) बॅटरीवरचा फ्लॅश, ट्रिगर आणि बॅग, सगळं मिळून ७२ हजार. जाहिरातीत असं होतं आणि आम्ही ते घेतलं. प्रत्यक्षात हाती आला १२० सेंटिमीटरचा खोलगट ऑक्टा (प्रकाश मऊ करणारा साधा गोलसर सॉफ्टबॉक्स), उपयोग नसलेला एक दांडा आणि ४०० वॅट-सेकंदांचा फ्लॅश. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही, कारण असे विकणारे मुंबईत एकापेक्षा जास्त आहेत आणि पद्धत सगळ्यांची एकच. ती पद्धत नीट कळली तर पुढच्या माणसाचे पैसे वाचतील.

पहिली गोष्ट म्हणजे जागा. आधी फोनवर ठरतं, "फोर्टात या, बोरा बझारमध्ये माल दाखवतो." निघायच्या वेळी निरोप येतो, "आज अंधेरीला या, ईस्टला स्टेशनबाहेर भेटू." रिक्षांच्या रांगेशेजारी, पावसात, दीड मीटरचा पॅरा कोण उघडून बघणार? बॅगेची चेन उघडायची, आतलं चंदेरी कापड आणि काड्यांचा जुडगा बघायचा, फ्लॅश एकदा उडवायचा आणि पैसे द्यायचे. फोर्टातल्या गाळ्यातही वेगळं काही होत नाही, काउंटरपुढे तीन फूट जागा असते. हा सगळा धंदा माल उघडता येणार नाही अशा जागेवरच चालतो. म्हणून सौदा स्टुडिओत, सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर गच्चीवर करा. तासाभरासाठी स्टुडिओचं भाडं गेलं तरी चालेल. विकणारा तिथे यायला तयार नसेल तर सौदा सोडून द्या.

आता मापाकडे या. १५० हा आकडा अगदीच खोटा नव्हता, फक्त तो तोंडाचा व्यास नव्हता. एका कडेपासून कापडाच्या आतून, बुडावरून, समोरच्या कडेपर्यंत टेप धरली तर १४६ सेंटिमीटर भरले. छत्रीचं माप काडीवरून घेतात, तसंच हे. तोंडाशी काडीच्या टोकापासून समोरच्या काडीच्या टोकापर्यंत टेप सरळ धरली तर १२०. प्रकाश तोंडातून बाहेर पडतो, त्यामुळे कामाचं माप तेवढंच. १५० च्या तोंडापेक्षा १२० च्या तोंडाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी कमी असतं. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो काढताना हा फरक लगेच दिसतो.

माप कमी निघालं तर निदान भाव पाडून घेता येतो. आकार चुकला तर मात्र वस्तूच वेगळी. 'पॅराबोलिक' हा शब्द हल्ली कुठल्याही खोल, सोळा काड्यांच्या सॉफ्टबॉक्सवर छापतात. स्वित्झर्लंडचे ब्रॉनकलर आणि जर्मनीचे ब्रीझे यांच्या पॅरांमुळे या शब्दाला किंमत आली. त्यांच्यात फ्लॅशचं तोंड माणसाकडे नसतं, बुडाकडे असतं. फ्लॅशची ट्यूब (उजेड देणारी नळी) पॅराबोलाच्या नाभीवर, म्हणजे फोकस बिंदूवर, आणली की भिंतींवर आपटलेला प्रकाश जवळजवळ समांतर होऊन बाहेर येतो. अगदी समांतर नाही, कारण ट्यूब म्हणजे बिंदू नव्हे, ती चांगली जाडजूड असते. तरीही गालाच्या हाडावर जी कडक चमक येते आणि सावलीची कड मात्र मऊ राहते, ती याच मांडणीमुळे.

भिंतीचा बाक पॅराबोलाचा आहे की नाही, हे पाहायला सुतळी आणि टेप पुरते. डिफ्यूझर (तोंडावरचं पांढरं कापड) काढा, पॅरा तोंड वर करून जमिनीवर ठेवा. समोरासमोरच्या दोन काड्यांच्या टोकांना सुतळी ताणून बांधा. मधोमध सुतळीपासून बुडापर्यंत खोली मोजा. मग मध्य आणि कड यांच्या बरोबर निम्म्यावर, सुतळीपासून खाली काडीपर्यंत मोजा. खऱ्या पॅराबोलात हे दुसरं माप एकूण खोलीच्या पाऊण भरतं. सरळ नरसाळं असेल तर निम्मं भरेल, अर्धगोल असेल तर पाऊणपेक्षा बरंच जास्त. मोजताना टेप काडीवर टेकवा, दोन काड्यांमधल्या कापडावर नाही. तिथे कापड सपाट ताणलेलं असतं आणि माप चुकतं.

आमच्या नगात खोली ४० सेंटिमीटर होती, म्हणजे निम्म्यावर ३० यायला हवे होते. टेपवर आले २४. सोळापैकी सहा काड्यांवर मोजलं, एकाही ठिकाणी २५ च्या वर गेलं नाही. हात फिरवला की कारण कळत होतं: काडी बुडापासून जवळजवळ सरळ वर येते आणि कडेशी कापडाच्या ताणानं एकदम आत वळते. मधला भाग नरसाळ्याचा. अशा भिंतीला एक नाभी नसतेच, मग रॉड कितीही पुढेमागे करा.

नाभी कुठे असावी तेही काढता येतं. तोंडाच्या व्यासाचा वर्ग करा आणि त्याला खोलीच्या सोळापटीनं भागा. १२० आणि ४० घेतले तर १४,४०० भागिले ६४०, म्हणजे बुडापासून २२.५ सेंटिमीटर. तेवढाच व्यास आणि खोली ६० असेल तर १५. आता रॉड बघा: ट्यूबचा मध्य त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडा तरी सरकतो का? आमच्या बॅगेतला रॉड म्हणजे एका टोकाला स्पायगॉट (फ्लॅश अडकवायची खुंटी) असलेला अ‍ॅल्युमिनियमचा दांडा होता. तो बुडापासून १२ सेंटिमीटरवर घट्ट बसायचा आणि तिथून हलायचा नाही. २२.५ पर्यंत तो पोचणारच नव्हता.

यानंतर अंधारातली चाचणी. खोली काळोखी करा, डिफ्यूझर काढलेलाच ठेवा, फ्लॅशचा मॉडेलिंग लॅम्प (सतत चालू राहणारा छोटा दिवा) लावा आणि चारपाच मीटर समोर, अगदी अक्षावर उभे राहा. मोबाइलचं एक्स्पोजर खाली ओढा म्हणजे डोळे दिपणार नाहीत. दुसऱ्यानं लॅम्प सावकाश सरकवायचा. खऱ्या पॅरात एका जागी सगळ्या पाकळ्या (काड्यांमधले कापडाचे पट्टे) मध्यापासून कडेपर्यंत एकदम उजळतात, आणि जागा सोडली की उजेड मधोमध गोळा होतो किंवा कड्यासारखा कडेला जातो. आमच्या नगात आम्ही दुसऱ्या स्टँडवरून लॅम्प दहा सेंटिमीटर सरकवला. मधला पांढरा गोळा तसाच राहिला, कडेच्या पाकळ्यांवर काळ्या पाचरी तशाच राहिल्या. विकणारा डिफ्यूझर काढू देत नसेल तर समजून जा. दोन थर चढवले की सगळेच बॉक्स सारखे दिसतात.

इथे एक सांगायला हवं. खोल ऑक्टा ही वाईट वस्तू नाही. कायम डिफ्यूझर लावूनच काम करणार असाल तर पॅराचे पैसे मोजायचं कारणच नाही, ऑक्टाच घ्या, ऑक्टाच्या भावात. आमची तक्रार फक्त नाव आणि भाव यांबद्दल आहे.

पॅरा आणि फ्लॅशची जोडी जुळवताना फ्लॅशचा प्रकारही बघायला लागतो. ६०० वॅट-सेकंदांचा बॅटरीवाला फ्लॅश वीतभराहून लांब आणि बॅटरीसकट साधारण तीन किलोचा असतो. तो आख्खा उलटा करून १२० च्या आत टांगला तर त्याचं धूडच प्रकाश अडवतं. म्हणून एक्स्टेन्शन हेड लागतं: केबलवरचं छोटं डोकं आत, जड भाग खाली स्टँडला. ते सेटमध्ये आहे का आणि त्याची पिन त्याच मॉडेलची आहे का, ते जोडून बघा. ट्यूब काचेच्या आत खोल बसलेली असेल तर प्रकाश कडेच्या भिंतींपर्यंत पसरत नाही. बाहेर आलेली उघडी ट्यूब पॅराला बरी. माउंट (पॅरा आणि फ्लॅश जोडणारी रिंग) बोवेन्सचं असं सांगतात. ती कंपनी २०१७ साली बंद पडली, माउंट मात्र सगळीकडे चालतं आणि कोणीही ओततं. माउंटची ही रिंग फ्लॅशवर बसवून दोन्ही हातांनी पिळा. तीन दातांपैकी एखादा खुळखुळत असेल किंवा खटक्याची पिन पूर्ण बाहेर येत नसेल तर घेऊ नका. पॅराचं वजन फ्लॅशच्या माउंटवर कधीच यायला नको, पॅराला स्वतःचं ब्रॅकेट असून ते स्टँडवर बसायला हवं.

फ्लॅशची ताकद आवाजावरून किंवा चमकेवरून कळत नाही. ६०० आणि ४०० मधला फरक जेमतेम ०.६ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), डोळ्याला तो दिसत नाही. खात्रीचा ४०० चा फ्लॅश सोबत न्या. दोन्हींना सात इंची तोच रिफ्लेक्टर, दोन मीटर अंतर, आयएसओ १००, पूर्ण ताकद, आणि लाइट मीटरवर तीन-तीन रीडिंग. आमच्याकडे दोन्ही एफ/३२ च्या आसपास, एक दशांशाच्या फरकानं. बाजूला लावलेल्या '६००' च्या स्टिकरची कड नखानं उचलली तर खाली मूळ मॉडेलचा नंबर होता. लागोपाठ वीस फ्लॅश पूर्ण ताकदीवर उडवा, पहिल्या आणि विसाव्याच्या रीडिंगमध्ये फरक पडला किंवा चार्ज व्हायचा वेळ वाढत गेला तर बॅटरी दमलेली आहे. बॅटरीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, असायला हवा, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. खात्री करायला फ्लॅश खोलू मात्र नका. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बंद केल्यावरही साठलेले असतात.

जुना माल असेल तर घड्यांवर बोट घासा. मुंबईच्या दमटपणात चंदेरी थर आधी घड्यांवर सुटतो आणि काड्यांच्या टोकांना गंज धरतो.

पैशांचं थोडक्यात. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, टोकन टाका" याला बळी पडू नका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, रिफंडसाठी कोणी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर पैसे तुमचेच जाणार. ऑनलाइन पैसे गेले की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. दुकानातून घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार. तिथे एक अडचण येते: व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर जाते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर चालते, ते तक्रारीत स्पष्ट लिहा. कच्च्या बिलावर काहीच उभं राहत नाही. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असायला हवं, त्याचा फोटो काढून ठेवा.

आणि पक्क्या बिलावर 'पॅरा सेट, १ नग' असं लिहून घेऊ नका. असं लिहून घ्या: "पॅराबोलिक रिफ्लेक्टर, तोंडाचा सरळ व्यास १५० सेंमी, खोली इतकी सेंमी, सरकता फोकसिंग रॉड, एक्स्टेन्शन हेड, फ्लॅश ६०० वॅट-सेकंद, सिरियल नंबर अमुक." आमच्या बिलावर फक्त 'लाइट सेट' होतं.