सेकंडहँड ट्रॅव्हलरची कॅम्पर: दिवाळी ते चैत्र वापरल्यावर

दिवाळीच्या आधी आम्ही एक सेकंडहँड ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबस, घेतली आणि तिची कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, करून घेतली. आत बेड, छोटा ओटा, फ्रिज, ८० लिटरची पाण्याची टाकी, पोर्टा पॉटी म्हणजे उचलून नेता येणारा संडास. छतावर ४०० वॉटचं सोलर आणि खाली १२ व्होल्ट २०० एएचची लिथियम बॅटरी. माणसं चार: आम्ही दोघं, शाळेतला मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेले सासरे, म्हणजे अण्णा. थंडीत नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, त्र्यंबक असं जवळपास फिरलो. मोठी फेरी काढली ती फाल्गुनात. सिन्नरचं गोंदेश्वर, वेरूळ, पितळखोरे, अजिंठा, लोणार, आणि येताना सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान.

भेटेल तो गाडीचंच विचारतो. ॲव्हरेज किती? दहाच्या आसपास. झोप लागते का? लागते. पण रात्री गाडी उभी कुठे करता, हे कुणी विचारत नाही, आणि सगळं गणित तिथेच आहे. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं खरं, तरी आमच्या वाटेवर वीज आणि पाण्याचा पॉइंट असलेली एकही जागा आम्हाला लागली नाही. लेण्यांचं पार्किंग संध्याकाळी रिकामं करावं लागतं. गौताळा अभयारण्यातून अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. म्हणून मी आता आधी रात्री ठरवते, मग दोन रात्रींच्या मध्ये काय बसतं ते बघते.

सगळ्यात चांगली सोय झाली ती मंगल कार्यालयांची. कंपाउंड, नळ, बाथरूम, वॉचमन सगळं असतं, आणि रिकाम्या दिवशी थोडे पैसे घेऊन हो म्हणतात. फक्त पंचांगात लग्नतिथी बघून जा, नाहीतर रात्रभर डीजे. दुसरा पर्याय कुटुंब येतं अशा ढाब्याचा. फर्दापूरजवळ एका ढाब्यावर आम्ही ऐसपैस पुढेच गाडी लावत होतो, तर मालक धावत आले. "ताई, पुढं नका लावू, रात्री ट्रक येतात. मागं लिंबाखाली घ्या." जेवण तिथेच केलं, गाडी उभी करायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पण लिंबाखाली घेतली की सोलर झोपतं. कॅम्परवाल्यांचं हे कायमचं दुखणं. उन्हात लावा तर बॅटरी भरते आणि आत भट्टी होते; सावलीत लावा तर माणसं सुखी आणि फ्रिज उपाशी. बॅटरीत साधारण अडीच युनिट वीज मावते. छतावरचा एसी तासाला एक युनिट खातो, म्हणजे दोन-अडीच तासांत खेळ खलास. त्यामुळे एसी फक्त हॉटेलच्या प्लगवर, एरवी १२ व्होल्टचे पंखे. फाल्गुनात रात्री अजून गार असतात म्हणून हे चालून गेलं. पाडव्यानंतर मराठवाड्याकडे या गाडीने जाणार नाही. पत्रा रात्री दहापर्यंत तापलेला राहतो. मोठ्या फेरीसाठी माघाच्या मध्यापासून पाडव्यापर्यंत, एवढीच आपल्याकडची खिडकी. त्यातही रंगपंचमीला नाशिक सोडायचं नाही. रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला आमच्याकडचा जुना हौद, टाकून लेणी बघायला जाण्यात काय अर्थ आहे?

निघायचा वार बुधवार. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. बुधवारी निघालात की दोन्ही सुटसुटीत होतात. वेरूळला मुक्काम जवळच असल्यामुळे सूर्योदयाला, दार उघडतानाच आत गेलो. ही लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी कैलासाच्या प्रांगणात गार सावली असते. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी वरून खाली कोरत आणलेलं ते देऊळ सासऱ्यांनी एका जागी बसून, मान वर करून, तासभर बघितलं. नाशिकहून पहाटे निघून दुपारी पोचलो असतो तर हे जमलं नसतं. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच, म्हणजे लेण्यांच्या फाट्यावरच, ठेवावी लागते, पुढे चारेक किलोमीटर बस.

गाडीचे पैसे खरे वसूल झाले पितळखोऱ्याला. लेणी दरीत आहेत आणि पायऱ्या भरपूर. अण्णा वर थांबले. परत आलो तेव्हा सरकता दरवाजा उघडा, समोर पळस पेटलेला, अण्णा बेडवर पाय पसरून पेपर वाचतायत आणि चहाचं आधण ठेवलेलं. साध्या कारने आलो असतो तर एक तर ते घरी राहिले असते, नाहीतर आम्ही खाली उतरलो नसतो.

आता तक्रारी. फर्निचर करणाऱ्याने ड्रॉवरना घरच्यासारखे चुंबकी कॅच लावले होते. पहिल्याच घाटात, पहिल्याच वळणाला चमचे, पोह्यांचा डबा आणि सांडशी थेट माझ्या मांडीवर. आता दाबून उघडायची कुलपं बसवली आहेत. पाण्याचा पंप बेडखाली आहे, रात्री कुणी नळ सोडला की घर्रर्र होऊन सगळे उठतात. त्यामुळे रात्रीला एक कळशी भरून बाहेर ठेवते. ८० लिटर पाणी चौघांना जेमतेम दीड दिवस जातं, तेही अंघोळ बाहेर केली तर. पोर्टा पॉटीची टाकी रिकामी करणं माझ्या नवऱ्याकडे आहे आणि तिकडेच राहील. ती फक्त संडासातच ओतायची, सुलभवाल्यांना विचारून. ओढ्याकाठी ओतणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

कागदांचं थोडक्यात: सीटा काढून बेड टाकला की आरटीओची मंजुरी घेऊन आरसीत नोंद करावी लागते, आणि तेच विमा कंपनीला कळवावं लागतं. गाडीची कॅम्पर करून देणारा फॅब्रिकेटर "कोण विचारतंय" म्हणेल. ऐकू नका.

चैत्रात सप्तशृंगगडावर निघाला असाल तर एक वेगळी सूचना. खान्देशातून वणीला पायी येणाऱ्या भक्तांनी रस्ता भरलेला असतो, बरेच जण रात्रीच चालतात. एवढी रुंद गाडी त्या दिवसांत अंधारात तिकडे घालू नका.

विकत घ्यायच्या आधी भाड्याची कॅम्पर घेऊन दोन रात्री काढाच, आणि त्यातली एक हॉटेलच्या प्लगशिवाय. ताब्यात घेताना इंजिन बघायला सगळेच वाकतात. तुम्ही नळ सोडा, पंप ऐका, पॉटीचं झाकण उघडा आणि दुपारी दोन वाजता दार लावून पंधरा मिनिटं आत बसा.